न आलेली गाडी

थंडीच्या तोंडावर ग्वेहाचा बैल मेला.

दोन दिवस त्यानं वैरणीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या सकाळी ती गोठ्यात गेली तर तो आडवा पडलेला, पाय ताठ, डोळ्यांच्या कडेला माश्या. दुपारपर्यंत बाजारगावचा खाटीक दारात हजर. कोणाच्या घरी काय पडलंय हे त्या लोकांना वाऱ्यावरून कळतं. पण ग्वेहाची सासू, म्हातारी फानबी, काठी आडवी धरून गोठ्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"ज्यानं जन्मभर समुद्रातनं आमचं पोट ओढून आणलं, त्याला तुझ्या सुरीखाली देऊ? चल, नीघ."

वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांच्या रांगेमागं रेताड जमिनीत त्यांनी त्याला पुरलं. ग्वेहानं उदबत्त्यांचा जुडगा खोचला, हात जोडले आणि घरी येऊन अंगणात बसली. समोर गाडी होती. दांड्या जमिनीला टेकलेल्या, जू रिकामं.

आमच्या साखेंगमध्ये बैल नाही त्याला समुद्र नाही. ओहोटीला पाणी नजर पोचणार नाही इतकं आत जातं, मागं नुसता चिखल उरतो. त्या चिखलात लांबवर बांबूचे मांडव उभे असतात आणि मांडवांना कालवांच्या माळा टांगलेल्या. तिथं इंजिनाची गाडी नेली की बसलीच ती रुतून. बैलाचा पाय तेवढा रुततो आणि बाहेरही येतो. कालवं भरतात ती थंडीत. ईशान्येचा वारा सुटला, वाळू तोंडावर सपासप बसायला लागली की कालवाला गर धरतो आणि नव्या वर्षापर्यंत बाजारातून मागणीवर मागणी येते. नेमका त्याच दिवसांत बैल गेला.

पहिले काही दिवस ग्वेहानं स्वतःच ओढलं. पुढून वर वळलेली एक लांब फळी होती, तिच्यावर दोन टोपल्या ठेवायच्या, दोर छातीवरून घ्यायचा आणि गुडघाभर चिखलातून वाकून चालायचं. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, त्यावर बांबूची टोपी, हनुवटीखाली गच्च गाठ, फक्त डोळे उघडे. आमच्या बायका अशाच जातात. संध्याकाळी तिनं सदरा काढला की खांद्यावर दोराचे वळ दिसत, आधी लाल, मग जांभळे.

भरती अडवणाऱ्या बांधावर खिमकाकीनं तिला बघितलं. खिमकाकीचं घर लागूनच. तोंडाची फाटकी, पण मनाची वाईट नव्हे.

"बाई गं, जू तुझ्या मानेवर काय शोभतंय! शिंगं तेवढी लावून घे आता."

बायका हसल्या. ग्वेहाही हसली. हसताना दोर खांद्यावर पुन्हा सरकला आणि तिनं ओठ चावला.

त्या रात्री म्हातारीनं तिच्या खांद्याला तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला ग्वेहा मांडवांशी पोचली तेव्हा एक परकी गाडी तिथं उभी होती. पिवळसर रंगाचा धिप्पाड बैल, आणि त्याच्या शेजारी चिखलात उभा एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस.

"मी खुनलाय. शेजारच्या आउबे गावचा," तो म्हणाला. "सासूबाईंनी सां... सांगितलंय. माल ओढायला."

तो अडखळत बोले. शब्द तोंडाशी आला की थांबे, रुतलेल्या चाकासारखा, आणि मग एकदम बाहेर पडे.

"मी नाय बोलावलं कोणाला," ग्वेहा म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. पण गेला नाही. बैलाच्या पायाला चिकटलेल्या शिंपा काढत उभा राहिला. ग्वेहानं माळा कापायला सुरुवात केली. टोपल्या भरल्या. पाणी वळायची वेळ झाली. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्यानं टोपल्या उचलून गाडीत ठेवल्या, फळीसुद्धा वर टाकली आणि बैलाला हाक दिली. ती गाडीमागून चालत आली. त्या दिवशी खांद्यावर दोर नव्हता. इतकं हलकं वाटत होतं की तिला रडू यायला लागलं, म्हणून ती वाऱ्याकडे तोंड करून चालली.

घरी येऊन म्हातारीला म्हणाली, "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाय."

"मग कशाला विचारू?"

सासू-सुनेचं बोलणं हे असं होतं. आणि त्या दोघी एका घरात का राहत होत्या, हेच गावाला एक कोडं होतं. कारण ज्याच्यामुळं त्या सासू-सून झाल्या तो बुनहो त्या घरात आता येत नव्हता.

बुनहो दिसायला देखणा, आणि बोलायला लागला की चिंचेलाही साखर सुटावी. लग्नानंतर वर्षभरात तो पूर्वेकडच्या बंदरावर मोठ्या मासेमारी जहाजावर लागला. नव्या वर्षाला यायचा, तीन-चार दिवस राहायचा. येताना तिला कापड, आईला औषधी मुळ्या. "पुढच्या वर्षी परत येतो कायमचा," हे दर वर्षी. एखाद्या वर्षी येणं झालं नाही तर निरोप यायचा. वादळ होतं. जहाजाचं इंजिन बिघडलं. मुकादमाची आई वारली. ग्वेहा प्रत्येक कारणावर विश्वास ठेवायची, कारण प्रत्येक कारण इतकं नीट बसायचं. आणि शंका आलीच तर सासू होती. "अगं, त्या बाजूला वादळं फार, मला ठाऊक आहे." "अगं, मुकादमाच्या आईचं मीही ऐकलंय."

सण आला की ग्वेहा गावाबाहेरच्या मोटारथांब्यावर जाऊन उभी राहायची. अशी नऊ वर्षं गेली. मूलबाळ झालं नाही. शेवटी एका थंडीत तीच निघाली, दोन मोटारी बदलून आणि एक आगगाडी पकडून. बंदरावर विचारत विचारत एका गल्लीत पोचली. दार वाजवलं. एका बाईनं उघडलं. कडेवर लहान पोर, पायाशी मोठं पोर, आणि मोठ्याचे डोळे थेट बुनहोचे. बाई गरीब होती. म्हणाली, "कोण हवंय ताई? ते झोपलेत. तुम्ही त्यांच्या गावाकडच्या का?"

"हो," ग्वेहा म्हणाली. "गावाकडची."

ती बाई म्हणाली, "आत या ना. सासूबाई कशा आहेत? मोठा जन्मला तेव्हा त्यांनी टोपडं पाठवलं होतं."

तेवढं ऐकून ग्वेहा परत फिरली. नवऱ्यानं फसवलं ते एक वेळ पचलं असतं. पण म्हातारी रोज रात्री दिव्याजवळ बसून टोपडं विणायची, ग्वेहा विचारायची कोणासाठी, आणि म्हातारी म्हणायची, शेजारच्या गावातल्या भाचीच्या पोरासाठी.

ती घरी आली ती बोचकं बांधायलाच. पण दुसऱ्या दिवशी मोठी ओहोटी होती, मांडवांवर माल लोंबत होता, आणि म्हातारी दारात पाय पसरून बसली होती, तोंड झाकून. ग्वेहानं रबरी बूट चढवले आणि समुद्रावर गेली. मग तिसऱ्या दिवशीही गेली. पुढं चार माणसांसमोर काडीमोड झाला. बुनहोनं आईला कधी नेलं नाही, आणि ग्वेहानं म्हातारीला कधी टाकलं नाही. पण त्या दिवसापासून कोणी "येतो" म्हटलं की तिच्या पोटात काहीतरी थंड पडायचं. मग तो भाजीवाला का असेना.

खुनलाय रोज येत राहिला. बांधावरून उतरताना त्याच्या गाडीचा कणा एक विशिष्ट कुरकुर करायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं गाडीच्या बाजूला गोणपाटाची एक जाड घडी आणून ठेवली. "टो-टोपली उचलताना खांद्यावर टाक," एवढंच म्हणाला. तिच्या वळांकडे त्यानं कधी बघितलं होतं, तिला कळलं नाही.

आल्यावर तो अंगणात बसून आल्याचा गरम काढा प्यायचा. अंगणभर शिंपांचे ढीग, त्यांच्यामध्ये बुटक्या बाकड्यांवर बायका बसून कालवं फोडायच्या. एक दिवस म्हातारीनं त्याच्याही हातात सुरी दिली. सुरी शिंपेच्या बिजागरीत घालून मनगट वळवायचं असतं, जोर करायचा नसतो. त्यानं जोर केला आणि अंगठा कापून घेतला.

"अरे देवा!" खिमकाकी ओरडली. "बैल हाकायला दिलाय तुला समुद्रदेवी माझू आईनं, बायकांचं काम कशाला करतोस? का इथं बसायला निमित्त हवं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "ह-हो," म्हणाला.

बायकांत जो काही हशा पिकला! ग्वेहानं मान खाली घातली आणि शिंप फोडत राहिली. लपवायचं म्हणून, थट्टा उलटवायची म्हणून दुसरा कोणी काहीही बोलला असता. बुनहो असता तर त्यानं असं काही उत्तर दिलं असतं की सगळ्या बायका त्याच्यावरून जीव ओवाळून टाकत्या. हा नुसता हो म्हणाला, आणि अंगठा तोंडात घालून बसला.

त्यानंतर तिचं तिला काही कळेनासं झालं. कालवं फोडताना कान बांधाकडे असायचे. वारा जास्त असला की कण्याची कुरकुर ऐकू येत नसे, मग ती चार वेळा उठून कोपऱ्यापर्यंत जायची. एकदा तिनं पेटीतला कोरा निळा रुमाल काढून डोक्याला बांधला. आरशात बघितलं. मग स्वतःचाच राग येऊन तो सोडला आणि जुना, विरलेला बांधला. दारातून म्हातारी बघत होती.

"निळा चांगला होता," म्हातारी म्हणाली.

"तुमचं काय जातंय?"

एका दिवशी मांडवाच्या पलीकडे तिचा पाय खोल रुतला. ओढावा तितका आत जाई. खुनलाय आला, तिच्या काखेखाली हात घातले आणि बैलाला काढावं तसं, घाई न करता, आधी डावीकडे मग उजवीकडे हलवत तिला वर काढलं. बूट आतच राहिला. चिखलात झोपून, खांद्यापर्यंत हात घालून त्यानं तो काढला. सगळं मिळून फार वेळ गेला नसेल. पण घरी आल्यावर, जेवताना, रताळं घातलेली पेज चमच्यानं ढवळताना, झोपेत कूस बदलताना तिला आपल्या बरगड्यांवर ते दोन हात जाणवत होते. तिचं वय छत्तीस होतं. इतकी वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता, म्हातारीच्या तेलाच्या हाताशिवाय.

मग उधाणाची ओहोटी आली. त्या दिवशी पाणी सगळ्यांत लांब जातं, शेवटची रांग उघडी पडते, तिथली कालवं सगळ्यांत भरलेली. पण पाणी परततंही तसंच, घोड्याच्या चालीनं. आदल्या दिवशी गाडी सोडताना खुनलाय म्हणाला, "उद्या मी लव-लवकर येतो. शेवटच्या रांगेला थेट. येतो मी."

तिनं विचारलं नव्हतं. त्यानं आपणहून म्हटलं होतं. तिच्या पोटात नेहमीचं थंड पडलं, आणि त्याच्या खाली कुठंतरी काहीतरी ऊबही लागली.

ती सगळ्यांच्या आधी शेवटच्या रांगेला पोचली. हात चालले की मग चाललेच. माळांमागून माळा कापल्या. टोपल्यांच्या दोन रांगा लागल्या, काठोकाठ भरलेल्या. बाजूच्या मांडवांवर लोकांच्या गाड्या येत होत्या, भरत होत्या, वळत होत्या. तिनं कंबर सरळ करून बांधाकडे बघितलं. राखाडी आकाश, राखाडी चिखल, मध्ये बांधाची काळी रेघ. रेघेवर काही हलत नव्हतं.

पाणी वळल्याचं आधी पायांना कळतं. घोट्याभोवतीची वाळू सरकायला लागते.

खिमकाकीची गाडी शेवटची होती. काकीनं वर बसूनच हाक मारली. "ए ग्वेहा! चल, माल राहू दे! वर चढ!"

"येईल तो," ग्वेहा ओरडली.

"अगं, कुठं दिसतोय?"

"येतो म्हणालाय. येईल."

आपल्याच तोंडून हे शब्द ऐकले आणि ती जागच्या जागी थिजली. तेच शब्द, तोच आवाज. मोटारथांब्यावर उभी राहून चहावाल्या म्हातारीला ती हेच सांगायची. खिमकाकी थोडा वेळ थांबली. तिच्या नवऱ्यानं बैलाला काठी लावली, कारण पाणी चाकाच्या आऱ्यांपर्यंत आलं होतं. गाडी गेली.

ग्वेहा अजून थोडी थांबली. किती, ते तिला सांगता आलं नसतं. मग तिनं एक टोपली फळीवर टाकली, दोर छातीवर घेतला आणि निघाली. पाणी गुडघ्यावर, मांडीवर, मग कमरेवर आलं. फळी तरंगायला लागली आणि लाटेनं उलटली. तिनं दोर सोडून दिला. वारा समोरून, तोंडात खारं पाणी आणि वाळू. मधल्या ओढ्यात पाय सुटला, एकदा डोक्यावरून पाणी गेलं, टोपी वाहून गेली. ती हाता-पायांवर बांधाला लागली तेव्हा वर बायका उभ्या होत्या. खिमकाकीनं नवऱ्याला बैल परत वळवायला लावलं होतं, तो दोर घेऊन खाली उतरत होता.

कोणी काही बोललं नाही. खिमकाकीसुद्धा. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

खुनलाय दुसऱ्या दिवशी सकाळी आला. गाडी न आणता, पायी. ग्वेहा अंगणात बसून शेगडीवर हात शेकत होती. अंग फणफणत होतं. तो शिंपांच्या ढिगाशी उभा राहिला, टोपी हातात घेऊन. डोळे तांबारलेले.

त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आत म्हातारी घरातून बाहेर आली. "आलास का? मी म्हणतच होते हिला, बैलाला काहीतरी झालं असणार. काल वारा काय होता! पाय मुरगळला ना त्याचा? का तुझ्या बाबांना बरं नव्हतं?"

तिनं हे इतक्या सहज म्हटलं, जणू पाटावर ताट वाढून ठेवलं. आता त्यानं फक्त बसायचं होतं.

खुनलायनं म्हातारीकडे बघितलं. मग ग्वेहाकडे.

"बैल ब-बरा आहे," तो म्हणाला. "बाबा पण बरे आहेत."

"मग रस्त्यात..."

"नाय, मावशी. चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं परवा रात्री. मी प्यायलो. झो... झोपलो. जाग आली तेव्हा भरती लागली होती." तो पुढं म्हणाला, "दुसरं काही झालं नाय. मी झोपलो होतो."

म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं.

ग्वेहा उठली. "मी पाण्यात उभी होते. लोकांना सांगत होते, येईल म्हणून."

"हो."

"मेले असते."

"हो."

"एवढंच? हो?"

तो काहीतरी बोलायला गेला. शब्द अडला. बराच वेळ अडला. बाहेर आलाच नाही.

"जा," ग्वेहा म्हणाली. "परत येऊ नको."

तो गेला. पण बांधाकडे गेला. त्या दिवशी आणि पुढच्या दोन ओहोट्यांना लोकांनी त्याला आपल्या बैलासह शेवटच्या रांगेच्या आसपास फिरताना बघितलं. लाटांनी टोपल्या लांब लांब नेऊन वाळूत गाडल्या होत्या. तो काठीनं टोचून टोचून शोधायचा, हातानं उकरायचा. बांधावरच्या लोकांना विषयच मिळाला.

"काय रे आउबेकर, झोप झाली का पुरी?"

"झाली," तो म्हणायचा.

"उशी आणून देऊ का?"

सापडतील तेवढ्या टोपल्या त्यानं बांधाच्या पायथ्याशी, ग्वेहाच्या वाटेवर ओळीनं आणून ठेवल्या. फळीही मिळाली, एका कडेला फुटलेली. अंगणात पाऊल टाकलं नाही. मग आउबेकडे निघून गेला.

ग्वेहा पुन्हा दोर छातीवर घेऊन ओढायला लागली. खिमकाकी आता चिडवत नव्हती. उलट आपल्या नवऱ्याला सांगून येता येता दोन टोपल्या गाडीत घ्यायची. वळ पुन्हा जांभळे झाले. पण खांद्यापेक्षा कान छळत होते. राग खरा होता, तरीही वारा पडला की ते कुरकुर शोधायचे. दुसऱ्या कोणाची गाडी उतरली की छातीत धडधडायचं, आणि ती दुसऱ्या कोणाची आहे हे कळलं की सगळं अंग जड व्हायचं. मोटारथांब्यावर ज्या बाईला ती पुरून आली होती, तीच परत उठून बसली आहे असं तिला वाटे, आणि तिची भीती वाटे.

एका दुपारी दोघीच कालवं फोडत बसल्या होत्या. ग्वेहानं मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी तुम्ही त्याच्या तोंडात खोटं का घातलं?"

म्हातारीची सुरी थांबली. "सवयीनं," ती म्हणाली.

तिनं पुढची शिंप उचलली. "नऊ वर्षं एकासाठी घातलं. जीभ वळली ती वळलीच. मला वाटलं, बाप्या घरात टिकवायचा तर कोणीतरी खोटं बोलावंच लागतं. तो बोलत नसेल तर मी. तू त्याच्यासाठी निळा रुमाल काढलास, ते बघितलं होतं मी. म्हटलं, एवढं तरी माझ्या हातून व्हावं. नीट."

"नीट!"

"हो ना," म्हातारी म्हणाली. हात ओले होते, म्हणून तिनं डोळे बाहीला पुसले. "आयतं घातलं होतं मी तोंडात. गिळायचं फक्त. पण तो थुंकला, बघ. तुझ्यासमोर, माझ्यासमोर. असा माणूस मी नाय बघितला गं. माझ्या पोटचा नाय, माझा नवरा नाय."

ग्वेहाच्या हातातली शिंप उघडली, आतलं कालव थरथरलं, आणि तिनं ते पातेल्यात टाकायच्या ऐवजी तसंच हातात धरून ठेवलं. बुनहोची सगळी कारणं तिला आठवत होती. वादळ, इंजिन, मुकादमाची आई. एकातही बुनहोचा दोष नव्हता. नऊ वर्षांत तो माणूस एकदाही झोपला नव्हता.

भांगाच्या दिवसांत पाणी फार हलत नाही, समुद्राला सुट्टी असते. अशा एका सकाळी ग्वेहा बांधावरून आउबेकडे निघाली. जुनाच रुमाल बांधून. कुठं चाललीस असं म्हातारीनं विचारलं नाही.

आउबेत शिरल्यावर मात्र तिचे पाय जड झाले. तिला घर माहीत नव्हतं, विचारावं लागणार होतं. अनोळखी गल्ली, अनोळखी दारं. कोणत्या तरी दारावर हात ठेवायचा आणि ते कोणीतरी उघडायचं. कोण उघडेल? तो कधी घरच्यांबद्दल फार बोलला नव्हता. तिनंही विचारलं नव्हतं. एका विहिरीशी ती बसली. परत जावं असं तिनं दोनदा ठरवलं. विहिरीवर एक पोरगी धुणं धूत होती, तिनं आपणहूनच विचारलं, "कोणाकडे जायचं आत्याबाई?"

"खुनलाय गाडीवाल्याकडे."

"ते काय. दार उघडंच असतं."

दार खरंच उघडं होतं. आत अंगणात उन्हाच्या तुकड्यात खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. त्याचं अर्धं अंग लुळं, एक हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. समोर खुनलाय उकिडवा बसून गरम पाण्याच्या घमेल्यात बापाचे पाय धूत होता. एका पायाची नखं कापून झाली होती. ग्वेहाला बघून तो उठला, बसला, पुन्हा उठला.

"कोण आहे रे?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्याची जीभही जड होती.

"सा-साखेंगची. कालववाली."

"तू झोपलास तेव्हा जी बुडाली ती?"

"बुडाली नाय, बाबा. ही बघा. आहे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट बघितलं, मान हलवली. "बस गं पोरी. ह्याला मी फार शिव्या दिल्या. अजून देतोय."

ग्वेहा उंबऱ्याशीच उभी राहिली. म्हणजे घरीही त्यानं तेच सांगितलं होतं. बापाला, जो जागेवरून उठून कधी खरं-खोटं करायला जाणार नव्हता.

"मी एक विचारायला आले," ती म्हणाली.

खुनलाय ओले हात लोंबते ठेवून उभा होता.

"पुन्हा झोपशील?"

त्यानं विचार केला. तिला दिसत होतं, तो खरोखर विचार करत होता. म्हातारासुद्धा मान वळवून त्याच्या उत्तराची वाट बघत होता.

"ओहोटीच्या आदल्या रात्री पिणार नाय," तो सावकाश म्हणाला. "ते न-नक्की. पण झोप... किंवा दुसरं काही. माणूस आहे. चुकेन कधीतरी."

"मग मी काय करू? पाण्यात उभी राहू?"

"उभी राहू नको!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की खुराड्यातल्या कोंबड्या फडफडल्या. "कोणाची गाडी असेल तिच्यात चढ. खिमकाकीच्या, को-कोणाच्याही. माल सोड. मला शिव्या दे. माझी वाट बघत उभी राहू नको कधी. मी येतोच मागनं."

ग्वेहाच्या तोंडावर हसू आलं की रडू, ते रुमालाखाली कोणाला दिसलं नाही. कोणी तिला असं कधी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी वाट बघायलाच सांगितलं होतं.

"माझं मन खोटं झालंय," ती म्हणाली. "तू थोडा उशीर केलास तरी ते वाईटच बोलणार. दर वेळी. मी ओरडेन. काही नसताना ओरडेन."

"ओरड."

"कंटाळशील."

"मी बोलायला इतका वेळ लावतो," तो म्हणाला, "त्याचा तू कं-कंटाळा केला नाय."

"अरे, पाणी गार झालं!" म्हातारा ओरडला. "माझा एक पाय राहिलाय!"

खुनलाय पुन्हा उकिडवा बसला. ग्वेहानं शेगडीवरची किटली उचलली, घमेल्यात गरम पाणी ओतलं आणि जरा वेळ तिथंच, त्याच्या शेजारी, भिंतीला टेकून उन्हात बसली. म्हाताऱ्यानं तिला शेंगा दिल्या, एकाच हातानं सोलून.

निघताना खुनलाय म्हणाला, "गाडी जुंपतो. सो-सोडतो तुला."

"नको. चालत जाईन," ती म्हणाली. एकटं चालावं असं तिला वाटत होतं. "उधाणापासून ये."

"येतो," तो म्हणाला.

तिच्या पोटात थंड पडलं. पडायचंच ते. ती ते तसंच घेऊन निघाली.

बांधावर आली तेव्हा वारा पाठीवर होता. एका बाजूला समुद्र, चिखलात उभे मांडव, दुसऱ्या बाजूला भुईमुगाची पडीक शेतं. वाट अर्धी सरली असेल, आणि वाऱ्याच्या आवाजाखाली, मागून, लांबून, तिच्या कानावर कण्याची कुरकुर आली. एकसारखी, सावकाश. ती जवळ येत नव्हती आणि लांबही जात नव्हती. तिला गाठायची त्या गाडीला घाई नव्हती.

ग्वेहानं मागं वळून बघितलं नाही. चाल मात्र तिनं जराशी हळू केली.